लग्नघरातली हार्ड डिस्क

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आम्ही युनिक्स फळ्यावर शिकवायचो. हे वाचून कुणाला हसू येत असेल तर त्याने खुशाल हसावं. मला मात्र अजूनही राग येतो, आणि तो राग मी इतकी वर्षं नीट सांभाळून ठेवला आहे.

कॉम्प्युटरच्या एका वर्षाच्या डिप्लोम्यात युनिक्सचा अख्खा पेपर होता. काळ्या पडद्यावर आपण एक आज्ञा टाइप करायची आणि मशीनने ती पाळायची, असा तो कारभार. पेपरला प्रॅक्टिकलही होतं. पण ज्या सेंटरमध्ये मी शिकवत होते तिथे एकाही मशीनवर युनिक्स नव्हतं. मग मुली गाइडमधून आज्ञा पाठ करत, आणि प्रॅक्टिकलच्या फाइलीत पट्टी-पेन्सिलने चौकोन आखून पडद्यावर काय दिसलं असतं ते आत हाताने लिहीत. चौकोनाचे कोपरे थोडे गोल काढले की तो स्क्रीनसारखा दिसतो, ही आमच्याकडची खास कला. शीर्षक लाल पेनने, त्याखाली स्केचपेनची रेघ. बाहेरगावचा परीक्षक यायचा, फाइली चाळायचा, पोहे-जिलेबी खायचा, सही करायचा आणि दुपारच्या बसने निघून जायचा. सगळ्या पास. युनिक्स कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसायचं, परीक्षकानेही नसावं असा मला दाट संशय होता.

सेंटर एका कापडाच्या दुकानावर होतं. मी नागपूरला शिकून परत आलेली, तिशी गाठलेली आणि लग्न न झालेली, त्यामुळे गावातल्या निम्म्या लोकांना माझ्याबद्दल काळजी आणि उरलेल्यांना करमणूक होती. अशा वेळी माझ्या हाती तो लॅपटॉप आला. पुण्याच्या मावसभावाच्या ऑफिसने तो मोडीत काढला होता आणि त्याने दिवाळीला येताना तो माझ्यासाठी उचलून आणला. काळा, जाडजूड, मांडीवर घेतला तर पाय बधिर व्हावा असा. बॅटरी केव्हाच मेलेली, भिंतीतल्या वायरीवरच चालायचा. पण आत खरंखुरं युनिक्स होतं.

मी तो सेंटरमध्ये नेला आणि प्रत्येक मुलीच्या नावाचं खातं त्यात उघडून दिलं. नाव टाइप करायचं, स्वतःचा पासवर्ड द्यायचा, की तिचा स्वतःचा कप्पा उघडायचा. किरनापुरहून रोज बसने येणारी एक मुलगी होती, फार बोलायची नाही, बसच्या वेळेमुळे नेहमी घाईत असायची. तिने पहिल्यांदा पासवर्ड दिला, पडद्यावर ओळ उमटली, आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, हे माह्या नावानं उघडलं." तिच्या घरात तिच्या नावाने उघडणारं दुसरं काही नव्हतं, कपाटाचा खणसुद्धा भावाबरोबर वाटून घेतलेला. हे तिनेच मला नंतर सांगितलं. त्याच दिवशी मी वर्गात जाहीर करून टाकलं, या वर्षी कुणीही चौकोन आखायचे नाहीत. परीक्षकासमोर मशीनवर करून दाखवायचं.

सेंटरच्या मालकांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ हसले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते माझ्याशी हिंदीत बोलत आणि फारच रागावले तर मराठीत येत. तेव्हा ते हिंदीतच म्हणाले, "मैडम, फाइल नहीं तो नंबर नहीं. लड़कियाँ फेल हुईं तो उनके बाप आपके घर आएँगे, मेरे घर नहीं."

"येऊ द्या," मी म्हणाले. "चहा पाजीन."

बोलायला काय जातं! पण माझ्या शब्दावर मुलींनी खरोखरच फाइली केल्या नाहीत. म्हणजे सगळं आता त्या एका काळ्या डबड्यावर येऊन ठेपलं होतं. ते चाललं तर मुली पास, बंद पडलं तर वर्ष वाया. आणि आमच्याकडे मुलीचं एक वर्ष वाया गेलं की दुसरं वर्ष तिला मिळेलच असं नसतं. त्या वर्षात स्थळं येतात.

परीक्षेच्या तोंडावर ते डबडं आवाज करायला लागलं. आतून टक्‌, मग शांत, मग टक्‌-टक्‌. पडदा मध्येच गोठायचा. लॅपटॉपच्या पोटात हार्ड डिस्क असते, सगळं त्यातच साठवलेलं असतं, आणि ती मरायला टेकली की असाच आवाज करते. दोन दिवस तिने टकटक केली आणि एका सकाळी मुलींच्या देखतच बसली. मशीन सुरू व्हायचं, काळ्या पडद्यावर एक ओळ यायची की डिस्क सापडत नाही, आणि संपलं. मुलींची खाती, त्यांनी लिहिलेल्या बारीकसारीक फाइली, सगळं गेलं.

सर दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती, आणि तीच मला सहन झाली नाही. ते म्हणाले, अजून वेळ आहे, मुलींना फाइली करायला लावा, मी ड्रॉइंगचे कागद मागवतो. शेवटी किरनापुरवालीच म्हणाली, "मॅडम, बनवून घेऊ का फाइल? रातच्यान्‌ बसलो तं होऊन जाईन."

मी नाही म्हणाले. आजही कुणी मला विचारलं की तू त्या मुलींच्या वर्षाशी खेळलीस का, तर माझं उत्तर तयार आहे. खेळ तर आधीपासून चालू होता, आणि तो पट्टी-पेन्सिलीने चालू होता.

लॅपटॉपची डिस्क बालाघाटात मिळणं शक्यच नव्हतं. छोट्या गाडीने गोंदिया, तिथून मोठ्या गाडीने नागपूर. सीताबर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानांची एक गल्लीच होती. मी पर्समधून मेलेली डिस्क काढून काउंटरवर ठेवली. दुकानदाराने ती उलटीपालटी केली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाला, "सोबत कोणी नाही का ओ मॅडम? घरी कोणी समजणारा माणूस असंन तं त्याले पाठवा. हे लेडीजचं काम नाही."

"समजणारा माणूस आला आहे," मी म्हणाले. "तुमच्यासमोर उभा आहे. डिस्क दाखवा."

त्याने दाखवली. नवी नव्हतीच त्याच्याकडे, एका फुटक्या लॅपटॉपमधून काढलेली होती. मी ती त्याच्या टेबलावरच्या मशीनला लावायला लावली आणि कान टेकवून ऐकली. टकटक नव्हती, बारीक घूं असा एकसुरी आवाज होता. तो म्हणाला, गॅरंटी नाही. मी म्हणाले, गॅरंटी मी कुठे मागितली आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी ओट्याशेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. त्याच्या पाठीला निरनिराळ्या लांबीचे स्क्रू होते आणि चुकीच्या भोकात चुकीचा गेला तर बोर्डाला छेद. म्हणून मी आईचा मसाल्याचा डबा रिकामा केला आणि त्याच्या एकेका वाटीत एकेका जागेचे स्क्रू ठेवले. आई भाजीला फोडणी द्यायला आली आणि हळदीच्या वाटीत लोखंड पाहून तिने कपाळावर हात मारला. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, दारातून पेपर वाचता वाचता म्हणाले, "करू दे तिले. नाही झालं तं कबाडीवाला आहेच." बाबांचा पाठिंबा नेहमी असाच असे, एक दार उघडायचं आणि दुसरं कबाडीवाल्याकडे.

डिस्कच्या टोकाला केसासारख्या बारीक पिनांच्या दोन रांगा असतात. त्यातली एक वाकलेली होती. भुवयांच्या चिमट्याने मी ती श्वास रोखून सरळ केली. मग लक्षात आलं की नवी डिस्क जुनीपेक्षा बरीच पातळ आहे. खोबणीत ती सैल हलत होती. अशी हलती ठेवली असती तर लॅपटॉप उचलताक्षणी पिना तुटल्या असत्या. खाली काहीतरी घालायला हवं होतं. कागद दबतो, कापड गरम होतं. रबर हवं होतं, जाड आणि घट्ट. घरात असं रबर एकच होतं. बाबांची कोरी हवाई चप्पल, पिशवीतून अजून बाहेरही न काढलेली.

मी ती कापायला घेतली आणि आईने हंबरडाच फोडला.

आमच्या घरात दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. बाबांचं पेन, आईचं शिवणयंत्र, आणि त्या वर्षी आईने मावसभावाला मुद्दाम विचारलं होतं की लॅपटॉप पुढल्या दसऱ्याला पाटावर ठेवला तर बिघडणार नाही ना. विद्येची वस्तू म्हणून तिला पाय लागला तर मी आजही हात लावून कपाळाला लावते. आणि मी त्या वस्तूच्या पोटात चप्पल घालायला निघाले होते.

"व माय, सरस्वतीत चप्पल! काहून अशी करतेस व तू?"

"कोरी आहे आई. कुणाच्या पायाला लागली नाही."

"चप्पल ते चप्पल. उद्या पोरी नापास झाल्या तं कोणाच्या पापानं होईन?"

"माझ्या," मी म्हणाले आणि कात्री चालवली. आईने माझ्याशी बोलणं सोडलं, पण थोड्या वेळाने ती आली, कापलेले तुकडे उचलले, नळाखाली धुतले, पुसले, त्यांना हळदीचं बोट लावलं आणि पुन्हा टेबलावर ठेवून निघून गेली. हळद पुसून मी ते तुकडे डिस्कखाली बसवले. डिस्क जागची हलेना.

आता तिच्यात युनिक्स घालायचं होतं. ते होतं मावसभावाने लॅपटॉपबरोबर दिलेल्या फ्लॉपींच्या गठ्ठ्यात, एकामागून एक घालत जायच्या, मशीन म्हणेल पुढची घाला की घालायची. मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि बॅटरी तर मेलेली. छत्तीसगड वेगळं झाल्यापासून आमच्याकडे विजेचे जे हाल सुरू झाले होते ते बालाघाटच्या माणसाला सांगायला नकोत. लोक म्हणायचे, विजेचे कारखाने तिकडे गेले, आपल्याकडे फक्त खांब राहिले. पहिल्या खेपेला वीज अर्ध्यातच गेली. दुसऱ्या खेपेला तर सुरुवातीलाच. मी पंखा थांबलेल्या खोलीत बसून त्या यंत्रालाही शिव्या घातल्या आणि खांबांनाही.

तेवढ्यात शेजारून लाउडस्पीकर सुरू झाला. शेजारच्या काकांच्या मुलीचं लग्न, आज हळद. सगळ्या मोहल्ल्यात वीज नव्हती आणि त्यांचा स्पीकर मात्र गात होता. म्हणजे जनरेटर!

मी लॅपटॉप कडेवर घेतला, फ्लॉपींचा डबा आणि वायर दुपट्ट्यात बांधली आणि लग्नघरात शिरले. काकूंनी मला पाहून तोंड भरून स्वागत केलं, त्यांना वाटलं हळदीला आले. जनरेटरची वायर घरात एकाच खोलीत घेतलेली होती, जिथे बुंदीचे लाडू ठेवले होते, कारण तिथे मोठा पंखा लावला होता. त्या बोर्डावर आणखी एक जागा रिकामी होती. मी काकूंना इतकंच म्हटलं, "काकू, मला तुमच्या लाडवांजवळ बसू द्या, मी एकही खाणार नाही." आणि मी परातींच्या मध्ये जमिनीवर मांडी घालून बसले.

बायका लाडू न्यायला येत आणि थबकत. "काय करून राह्यली व बाई? लग्नाचा हिशेब का?" "नाही मावशी, ऑपरेशन." कुणी म्हणे, हिच्याही लग्नाचं बघा कॉम्प्युटरात. मी मान वर न करता फ्लॉपी बदलत होते. नवरीची एक मावशी हळदीने कोपरापर्यंत माखलेले हात घेऊन आली आणि माझ्या गालाला लावायला वाकली. मी लॅपटॉपवर आडवी पडले. "मला लावा," मी ओरडले, "मानेला लावा, पाठीला लावा, याच्यावर थेंब पडला तर मी इथून उठणार नाही!" तिने मला मानेपासून कानापर्यंत पिवळी केली आणि हसत गेली. मशीन कोरडं राहिलं.

मशीन एका फ्लॉपीवर अडलं. वाचेना. काढली, फुंकर मारली, घातली, वाचेना. पुन्हा काढली, पुन्हा घातली. घरघर झाली आणि पुढे सरकलं. मी लाडवांकडे पाहून मोठ्याने हसले.

आणि तेव्हाच वीज आली.

सगळ्या घरात आनंद झाला. बाहेर अंगणातून काकांचा आवाज आला, "लाइट आली ना रे! बंद कर जनरेटर, काहून डिझेल जाळून राह्यला?" जनरेटर बंद करून वायर सरकारी विजेवर घ्यायची म्हणजे मधला एक क्षण अंधार. तो एक क्षण मला पुरेसा होता, सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला. मी तशीच, पिवळी मान आणि विस्कटलेला दुपट्टा, अंगणात धावले आणि जनरेटरवाल्या भाऊंच्या आणि बटणाच्या मध्ये उभी राहिले.

"काका, बंद करू नका."

"काहून?"

"माझ्या पोरींची परीक्षा तुमच्या जनरेटरवर चालू आहे."

काकांना यातलं काही कळलं नाही, आणि समजावून सांगायला मला सवड नव्हती. मांडवातले पाव्हणे पाहू लागले. त्यांच्या घरचं शुभकार्य, त्यांचं डिझेल, आणि शेजारची न लग्न झालेली पोरगी हात पसरून आडवी. काका म्हणाले, "तुह्या बापाले बोलावू का?" मी म्हणाले, "बोलवा. तेही हेच सांगतील." हे खोटं होतं. बाबांनी कबाडीवाल्याचंच नाव घेतलं असतं. पण मी हलले नाही. स्पीकर गात राहिला, जनरेटर धडधडत राहिला आणि मी तिथेच उभी. आतून काकू ओरडल्या, "चालू द्या ओ! पोरगी एवढी म्हणून राह्यली तं तिचंही काही लगीनच असंन!" काकांनी हात झटकला आणि निघून गेले.

शेवटची फ्लॉपी गेली. मशीन स्वतःहून बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि काळ्या पडद्यावर खाली एक ओळ आली: लॉगिन. मी त्या लाडवांच्या खोलीत रडले. आनंदाने म्हणा, रागाने म्हणा, मला तेव्हाही फरक करता आला नाही.

परीक्षा सकाळची होती. त्या वेळात वीज असायची. मुलींची खाती मी नव्याने उघडून ठेवली होती. परीक्षक सफारी सूट घातलेले, प्रवासाने थकलेले, वाईट माणूस नव्हे. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "फाइलें?" आणि तेव्हा मला दिसलं की सरांनी टेबलावर गठ्ठा ठेवला आहे. गेल्या वर्षीच्या फाइली, नवी कव्हरं घातलेल्या. फक्त नाव लिहायचं बाकी.

मी परीक्षकांना सांगितलं की मुली मशीनवर करून दाखवतील. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि हिंदीत निवाडा दिला. ज्यांना फाइल द्यायची त्यांनी नाव घालून द्यावी, तिचे नेहमीसारखे नंबर मिळतील. ज्यांना मशीनवर करायचं त्यांनी करावं, जे दिसेल त्यावर नंबर.

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हणाले, "मी कुणावरही रागावणार नाही. स्वतः ठरवा." बऱ्याच जणींनी खाली मान घालून फाइल उचलली. त्यांना मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. पण इतकं सगळं कशासाठी केलं, असं त्या क्षणी वाटून गेलं.

किरनापुरची मुलगी उठली आणि खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसली. तिच्या मागे आणखी दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्या.

परीक्षकांनी गाइड उघडलं आणि पहिला प्रश्न वाचला. नावांची एक फाइल बनवा आणि ती अक्षरांच्या क्रमाने लावून दाखवा. तिने फाइल बनवली. मग ती लावायची आज्ञा दिली आणि पडद्यावर आलं, अशी फाइलच नाही. हाताने आखलेल्या चौकोनात असं कधी होत नाही. त्या गठ्ठ्यातल्या एकाही फाइलीत, एकाही वर्षी, कुणाचंही काही चुकलेलं नव्हतं.

मी एक शब्द बोलले नाही. बोलणं मना होतं, आणि बोलले असते तर मी स्वतःलाच माफ केलं नसतं. ती ओठ हलवत पडद्यावरची ओळ पुन्हा वाचत होती. मग तिने मशीनला विचारलं, मी आत्ता कुठे आहे? मशीनने सांगितलं. तिने फाइल एका कप्प्यात ठेवली होती आणि शोधत होती दुसऱ्याच कप्प्यात. ती परत गेली, आज्ञा दिली, आणि नावं एकाखाली एक ओळीने लागली.

परीक्षकांनी पेन उघडलं. "गलती हुई है. नंबर कटेंगे."

"काट लीजिए, सर," ती म्हणाली. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलंही नाही. बोटं अजून कीबोर्डवरच होती. "अब आ गया. अगला पूछिए."